आठ ओम

कुमारचा डावा कान मी घालवला. आमच्या पासली गावात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तुमच्यापासून लपवून काय उपयोग. वेल्ह्याजवळ एका हळदीत आमची बँजो पार्टी वाजत होती. मी बँजोवर, माझा धाकटा भाऊ कुमार बेस गिटारवर. गाणं ऐन रंगात आलेलं आणि गिटारचा आवाज बंद पडला. मी वळलो आणि दोनशे माणसांदेखत कुमारच्या कानाखाली आवाज काढला. नंतर कळलं की वायर जनरेटरवाल्याच्या पायात अडकून निघाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा तर फाटलाच, पण आतली नसही गेली. त्या बाजूनं आता काही ऐकू येणार नाही.

कुणी विचारलं की मी एकच सांगायचो. माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. आमचे वडीलही तसेच होते. त्यांच्या हातचा मार मी खाल्लाय, आणि तो पचवून मोठा झालो याचा मला वर अभिमान होता.

आमच्या आईनं, ठकुबाईनं, हे ऐकून घेतलं नाही. दवाखान्यातून आल्या आल्या तिनं मला वाघजाईच्या पायरीवर नेलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. पुन्हा कुमारवर हात टाकणार नाही, अशी शपथ घेतली मी. गावातली टवाळ पोरं म्हणाली, करून करून भागला आणि देवपूजेला लागला. त्यातल्या एकाला मी पुलावर गाठून धुतला. शपथ कुमारपुरती होती, गावापुरती नव्हती.

कुमारनं पार्टी सोडली नाही, पण तीन वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलला. भोरला स्वरूपची मोठी पार्टी आहे, ते लोक त्याला सारखे बोलवत होते. त्यानं आईला माझ्यासमोर सांगून टाकलं होतं, "आये, दादानं पुन्यांदा हात टाकला की म्या भोरला जानार. तवर हितंच हाय." त्याची बायको वैष्णवी मला ताट वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मला कुमार हवा होता. पार्टीसाठी हवा होता असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे एका आईच्या दोन लेकरांपैकी एकानं दुसऱ्याला असं करावं आणि ते तसंच राहावं, हे मला सोसत नव्हतं.

म्हणून गेल्या भाद्रपदात, गणपतीच्या सुपाऱ्या उरकल्यावर मी म्हणालो, "कुमार, तुज्या गिटारीला नवा अॅम्प घिऊ. बॉक्स बी नवं घिऊ. तुला पायजे तसलं."

तोवर तो वेल्ह्याच्या सुतारानं बनवलेल्या एका प्लायच्या बॉक्सवर वाजवायचा. आतला स्पीकर कुठल्या तरी मोडीत निघालेल्या डीजेचा. आवाज असा की पिंपात म्हैस हंबरतेय.

भोरच्या बाजारपेठेत श्रेयसचं वाद्यांचं दुकान आहे. पुण्यातली इंजिनियरची नोकरी सोडून आलेला शांत माणूस. मी आत शिरता शिरताच म्हणालो, "बेस दाखवा, अठरा इंचाचा. लांबून दिसला पायजे."

श्रेयस हसला. "धनाजीराव, ते डीजेवाल्यांचं. त्यांच्यात बेस म्हणजे बॉक्स. आपल्याला बेस गिटारसाठी पाहिजे ना? मग वाजवणाऱ्याला विचारूया."

त्यानं तीन प्रकार मांडले. एक, अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला. उचलायला सोपा, पण उघड्या माळावर त्याचा जीव पुरणार नाही, हे त्यानंच सांगून टाकलं. मग सुटा अॅम्प आणि त्याला जोडायला दोन तऱ्हेचे बॉक्स. एकात दहा इंची चार स्पीकर, दुसऱ्यात पंधरा इंची एकच. कुमारनं गिटार जोडली आणि पायातल्या चपला काढून दुकानाच्या दाराबाहेर ठेवल्या. मला वाटलं दुकानाच्या पाया पडतोय की काय.

तो फरशीवर अनवाणी उभा राहिला, डोळे मिटले आणि एकच सूर वाजवला. आधी दहाच्या बॉक्सवर, मग पंधराच्या. पुन्हा दहाच्या, पुन्हा पंधराच्या. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा श्रेयसनं हातानं गप्प केलं. दुसऱ्या कुणी असं गप्प केलं असतं तर दुकान जाग्यावर राहिलं नसतं.

"ह्यो," कुमार पंधराच्या बॉक्सला हात लावून म्हणाला. "दहाचा साफ वाजतो, पर समदा कानावर येतो. कान माज्याकडं अर्धाच हाय. ह्यो टाचेत येतो."

तो हे भांडणाच्या सुरात म्हणाला नाही. भाव विचारावा तसं म्हणाला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, चहावाल्याच्या पोराला उगाच दोन शिव्या दिल्या आणि परत आत आलो.

पंधराचे दोन बॉक्स घेतले. निघताना श्रेयसनं आम्हा दोघांना अॅम्पच्या मागे वाकवलं. "हे बघा, इथे लिहिलंय, कमीत कमी चार ओम. ओम म्हणजे स्पीकर अॅम्पला किती अडवून धरतो त्याचं माप. आकडा जेवढा खाली, तेवढा अॅम्पवर ताण जास्त. हे दोन बॉक्स आठ-आठ ओमचे. दोन्ही एकदम जोडले की मिळून चार होतात, म्हणजे बरोबर काठावर. यापेक्षा खाली गेलात तर अॅम्प जळणार. तुमचा जुना बॉक्स कितीचा आहे ते उघडून बघा, आणि सगळ्यांच्या मागे ठळक लिहून घ्या. लग्नाच्या गर्दीत कुणाला आठवत नाही."

मला आकडे कळत नाहीत, पण जुवाखालच्या बैलाला किती ओढवतं ते कळतं. मी म्हणालो, लिहून घेतो.

आमच्याकडे गेनू पेंटर आहे. टेम्पोच्या मागे 'आईचा आशीर्वाद' आणि पुढे लिंबू-मिरची काढणारा. मी त्याला सांगितलं, "तिन्ही बॉक्स काळं कर. आनि नव्या दोन्हीवर आठ ओम लिही."

"आठ?" गेनू म्हणाला.

"आठ. मागच्या अंगाला, वायर लावायची तितं."

"पुढनं नको? मागनं कुनाला दिसनार?"

"तुला सांगितलं तेवढं कर की."

त्यानं सांगितलं तेवढंच केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर प्रत्येक नव्या बॉक्सच्या पाठीवर पिवळ्या रंगात आठ ॐ. चार वर, चार खाली, रांगेत, वळणदार, प्रत्येकावर चंद्रकोर आणि टिंब. गेनू ब्रश पुसत म्हणाला, "येक काडला असता तरी देव पावला असता. पर तुमी आठ म्हनला."

मी त्याच्या गचांडीला हात घातलाच होता, तेवढ्यात मागून हसू आलं. कुमार हसत होता. पोट धरून, खाली बसून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तीन वर्षांत तो माझ्यासमोर पहिल्यांदा हसला. मी गेनूला सोडून दिलं आणि मलाही हसू फुटलं.

"ऱ्हाऊ दे, दादा," कुमार म्हणाला. "मोजून कळतंय की. आठ म्हंजी आठ." मग त्यानं जुना बॉक्स पाठीमागून उघडला, आत बॅटरी मारली आणि गेनूला म्हणाला, "ह्यो चारचा हाय. ह्याच्यावर चारच काड."

गेनूनं जुन्यावर वरच्या अंगाला चार ॐ काढले.

इथवर सगळं चांगलं झालं. आता मी काय केलं ते सांगतो. खंडेनवमीला आम्ही वाद्यं पुजतो. बँजो, ढोल, ताशा, अॅम्प, बॉक्स सगळं ओसरीवर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. आदल्या दिवशी मी तिन्ही बॉक्स पाठ पुढे करून मांडले, कारण देवाचं नाव पाठीवर होतं. दोन भरलेले आणि तिसरा अर्धा रिकामा. ते माझ्या डोळ्याला खुपायला लागलं. मी गेनूला बोलावलं आणि म्हणालो, ह्या जुन्यावर खाली आणखी चार काढ.

"कुमारनं चारच सांगितल्यात," गेनू म्हणाला.

"पार्टी कुनाची हाय, गेनू?"

त्यानं गुमान काढले. आधीचा रंग संपला होता म्हणून दुसऱ्या डब्यातला वापरला, जरा केशरीकडे झुकणारा. कुमार तेव्हा वैष्णवीला घेऊन तिच्या माहेरी गेला होता. तो आला तेव्हा माळांनी बॉक्सांच्या पाठी झाकल्या होत्या, आणि मीही ते विसरून गेलो. त्या दिवशी तो माझ्याशेजारी बसून जेवला. आईनं मला दोनदा खीर वाढली.

तुळशीची लग्नं लागली आणि सुपाऱ्या सुरू झाल्या. मार्गशीर्षात पानशेतच्या बाजूला एका लग्नात आम्हाला नवऱ्याकडच्यांनी बोलावलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, केस अजून चालू आहे. दुपारची वेळ, नवरदेवाला मारुतीला न्यायचं होतं. देवळापुढच्या पटांगणात येऊन बघतो तर नवरीच्या भावांनी डीजे आणून उभा केलेला. खाली बेसचे आठ बॉक्स, त्यांच्यावर टॉपचे आठ, वर झेंडे. नवरदेवाचा चुलतभाऊ इंद्रजित दारू पिऊन आमच्या टेम्पोशी आला. "आरं, वाजवा की. का चिमण्या भरल्यात बॉक्सात?"

आम्ही वाजवलं. कुमार टेम्पोच्या फळीवर अनवाणी उभा होता, दोन्ही बॉक्स त्याच्या मागे फळीवरच टेकलेले. डीजेचा दणका छातीवर येत होता, पण त्याच्या खालून कुमारचा सूर जमिनीतून निघत होता. म्हाताऱ्या बायकासुद्धा आमच्याकडे सरकल्या. डीजेवाल्यांना ते झोंबलं. त्यांच्यातल्या एका लाल टोपीवाल्यानं मारुतीपुढे फोडायला आणलेला नारळ उचलला आणि आमच्यावर भिरकावला. नारळ कुमारच्या पोटरीजवळून जाऊन उजव्या बॉक्सच्या जाळीतून आत घुसला. स्पीकरचा कागद टराटर फाटला.

मी खाली उडी टाकणार होतो. पण मग म्हटलं, आधी वाजवून जिरवू, नंतर हातानं जिरवू. टेम्पोत मागे जुना बॉक्स होता, अडीनडीला असावा म्हणून आणलेला. तो ओढला, पाठ फिरवली, ॐ मोजले. आठ. फाटलेल्याची वायर काढली आणि त्याला लावली. "कुमार, जुना लावतोय रं," असं मी ओरडलो. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो.

खालच्या चार ॐची आठवण मला त्या घटकेला झाली नाही. राग आला की मला दोनच गोष्टी आठवतात. कोण काय बोललं, आणि काठी कुठे आहे.

दोन गाणी झकास गेली. आवाज आधीपेक्षा मोठा आला. मी खूश होऊन लाल टोपीवाल्याकडे बघून मिशीवर ताव दिला. तिसऱ्या गाण्यात करपट वास आला आणि कुमारचा सूर तुटला. अॅम्पचा दिवा गेला. पार्टीचं खालचं अंगच निघून गेल्यावर माझा बँजो नुसता किरकिरायला लागला. डीजेवाल्यांनी मुद्दाम आवाज बंद केला, म्हणजे आमची किरकिर सगळ्यांना ऐकू जावी. पटांगण हसलं. आपल्या बाजूची लाज गेली म्हणून इंद्रजितनं आमच्या ढोलवाल्याची, चिमाजीची, कॉलर धरून त्याला खाली ओढला आणि लाथ घातली.

मग मी उडी मारली. इंद्रजितच्या तोंडावर पहिला गुद्दा बसला तेव्हा त्याचा दात माझ्या बोटात रुतला, ती खूण अजून आहे. लाल टोपीवाल्याला मी झेंड्याच्या काठीनं गुडघ्यावर हाणला. तो बसला, तर पाठीत हाणला. कुणीतरी माझ्या खांद्यावर लोखंडी पाइप घातला, हात बधिर झाला, तर मी दुसऱ्या हातानं घेतली काठी. बायका पोरांना घेऊन देवळात पळाल्या. चिमाजीच्या डोक्यातून रक्त निघून शर्ट भिजला होता. नवरदेव घोड्यावर बसून बघत होता आणि त्याच्या मुंडावळ्या हलत होत्या. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटत होतं.

गर्दी फाकली तेव्हा मी टेम्पोवर चढलो. कुमार अॅम्प पोटाशी धरून गुडघ्यावर बसला होता, कुणाचा दगड लागू नये म्हणून. एक दगड त्याच्या भुवईला लागलाही होता.

"काय केलंस रं?" मी म्हणालो. "भर मिरवणुकीत इज्जत घालवलीस."

त्यानं जुन्या बॉक्सला गेलेली वायर बघितली. "ह्यो कुनी जोडला?"

"म्या जोडला. आठ हायेत त्याच्यावर. डोळं फुटलं काय तुजं?"

"चारचा हाय त्यो, दादा."

"मला शिकवतो व्हय?" मी हात उचलला.

कुमार उठला नाही, मागेही सरला नाही. त्यानं फक्त मान वळवली. उजवा कान खांद्याशी नेला आणि डावा गाल माझ्यापुढे केला. "डावा घे," तो म्हणाला. "उजव्याचं अजून काम हाय."

आणि मी डावाच घेतला.

आवाज मोठा झाला. तो एका अंगावर कलंडला, पण अॅम्प सोडला नाही. मी तिथेच उभा राहिलो आणि माझी नजर जुन्या बॉक्सच्या पाठीवर गेली. दुपारचं ऊन सरळ तिच्यावर पडलं होतं. वरचे चार ॐ पिवळे होते, खालचे चार केशरी.

पोलीस आले, कुमार सोडून आम्हाला आणि त्यांना दोन वेगळ्या जीपमध्ये घातलं. तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटून पासलीला गेलो. खांदा वर होत नव्हता. आई चुलीपाशी बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. खुंटीवरची गिटार नव्हती, टेम्पोतून परत आलेल्या बॉक्सांपैकी चांगला नव्हता, वैष्णवीची पेटी नव्हती.

मी आईच्या पुढ्यात बसलो आणि सगळं सांगितलं. गेनूचे चार ॐ, नारळ, जळलेला अॅम्प, सगळं. शेवटी नेहमीचंच वाक्य तोंडात आलं. "आये, तुला ठावं हाय. माजा हात आदी चालतो, डोकं मागनं येतं."

तिनं विचारलं, "कंच्या कानावर मारलास?"

"डाव्या."

"त्यानं सांगितलं म्हनून?"

"व्हय."

"म्हंजी ऐकून घेतलंस. कान बघितलास. मंग मारलास." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मंग हात आदी कसा चालला, धना?"

चाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्याकडे ते एकच उत्तर होतं आणि तिनं ते चुलीसारखं विझवून टाकलं. वडिलांनी मला मारलं तेव्हाही त्यांना दिसत असणार मी किती लहान आहे ते. हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळून काही भलं झालं नाही.

मी ओसरीवर जाऊन जुना बॉक्स कुऱ्हाडीनं फोडला. एकाच हातानं फोडायचा होता म्हणून वेळ लागला. आतला स्पीकर बाहेर पडला, त्याच्या मागे छापलं होतं, चार. आई आतून बघत होती.

पार्टी मोडली. चारच काढायचे म्हणून मला अडवणारा गेनू आता माझ्याशी बोलत नाही आणि त्याचं बरोबर आहे. चैत्रात कळलं की हिर्डोशीच्या जत्रेला स्वरूपची भोरची पार्टी येणार. भोरहून एसटीनं गेलो. ती मधेच बंद पडली तेव्हा उरलेली वाट चालत गेलो. पोचलो तेव्हा पालखी देवळाबाहेर निघाली होती आणि सूर लागला होता. कुमार टेम्पोच्या फळीवर होता, भुवईवर टाक्यांची खूण, मागे तो पंधराचा बॉक्स आणि तसलाच दुसरा नवा. दोन्हींच्या पाठी मला दिसत नव्हत्या.

गर्दीच्या कडेला मी चपला काढल्या आणि मातीवर उभा राहिलो. आधी काही कळलं नाही. मग टाचेत आलं. तो सूर मी आजवर कानानं ऐकत होतो, म्हणजे मी तो कधी धड ऐकलाच नव्हता. मला वाटलं, हे त्याला सांगावं. एवढं एकच सांगावं आणि निघून जावं.

मी पुढे सरकलो. टेम्पोपासून दहा पावलांवर आलो तेव्हा त्यानं मला बघितलं. त्याचा हात थांबला नाही, सूरही चुकला नाही. मी म्हणालो, "कुमार." एवढ्या आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो.

त्यानं फळीवरचे अनवाणी पाय हळूच फिरवले, डावी बाजू माझ्याकडे केली आणि वाजवत राहिला.